खुडूक कोंबडीला विचारा

अंगणातल्या कोंबड्या : वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची आहेत. घरी पहिल्यांदाच अंडी उबवायला ठेवली, आणि पुढं असं असं झालं. म्हणून या खेपेला दुसरं काही घेतलंच नाही. कोंबड्या पाळायला लागून मला छत्तीस वर्षं झाली. भोर तालुक्यात भाताच्या पट्ट्यात आमचं घर, मागं खुराडं, पडवीत उबवणीची दोन मशीन. मशीन आलं तरी खुडूक कोंबडी, म्हणजे अंडी उबवायच्या तयारीत आलेली कोंबडी, बसवायचं मी सोडलेलं नाही. काही अडलं की आधी तिच्याकडं बघते. ती काय करते, कधी उठते, कधी अजिबात उठत नाही. खालच्या उत्तरांत ती पुन्हा पुन्हा येईल, ती त्यामुळं.

ताई, दुकानातून दोन डझन अंडी आणून मशीनमध्ये ठेवली. पंचवीस दिवस झाले, एकही पिल्लू नाही. मशीन परत करू का? (लातूर)

मशीन ठेवा, अंडी टाकून द्या. दुकानातली पांढरी अंडी लेअर फार्मवरची, म्हणजे नुसत्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथली असतात. तिथं पिंजऱ्यात नुसत्या माद्या, कोंबडा नसतोच. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी घालते, पण त्यात जीव धरत नाही. गावरान म्हणून विकली जाणारी अंडी फलित असू शकतात, पण ती किती दिवसांची, किती ठिकाणी उन्हात आणि फ्रीजमध्ये फिरून आली, हे दुकानदारालाही माहीत नसतं. ज्याच्या अंगणात आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा फिरताना तुम्ही स्वतः पाहिलाय, त्याच्याकडून अंडी घ्या. तुम्ही स्वतः नवीन कोंबडा आणला असेल तर आठ-दहा दिवस थांबून मग अंडी गोळा करायला लागा.

ताई, मी शिक्षिका आहे. ऑगस्टमध्ये छोटं मशीन घेतलं. ओळखीच्या शेतकऱ्याकडची ३० अंडी ठेवली. डिस्प्लेवर तापमान कायम ३७.७. पाण्याचे दोन्ही कप्पे पहिल्या दिवसापासून काठोकाठ भरलेले. एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं निघाली. बाकीची अंडी तेविसाव्या दिवशी फोडली, तर आत पूर्ण वाढलेली पिल्लं मेलेली, ओली, चिकट, फुगलेली. दोन दिवस जेवण गेलं नाही. माझं काय चुकलं? (नाशिक)

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पूर्ण वाढलेलं पिल्लू आत मेलेलं बघणं फार वाईट. माझ्यावर ही वेळ आलेली आहे, ते पुढं सांगते.

तुमची पिल्लं माझ्या मते पाण्यानं गेली. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. एकवीस दिवसांत अंड्यातलं पाणी त्यातून हळूहळू उडून जायला हवं. जितकं पाणी उडतं, तितकी बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. पिल्लू आयुष्यातला पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. हवेत ओल फार असली की पाणी उडत नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू फुगतं, वळायला जागा उरत नाही. पहिल्या श्वासाच्या वेळीच ते गुदमरतं. ओली, चिकट, फुगलेली असं तुम्ही लिहिलंय, ते हेच.

पहिले अठरा दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के पुरते, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. पण ऑगस्टात नाशिकची हवा मुळातच पाण्यानं भरलेली असते. बाहेर २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असलेली हवा मशीनमध्ये जाऊन ३७.७ अंशांपर्यंत तापली, की कप्प्यात थेंबही नसताना ४४ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राहते. म्हणजे पावसाळ्यात एखादी छोटी वाटी पुरे. तेच जानेवारीच्या कोरड्या दुपारी वीस टक्क्यांवर येतं, तेव्हा मात्र दोन्ही कप्पे लागतात. मशीनबरोबर येणाऱ्या कागदावर पाणी भरा एवढंच छापलेलं असतं, ऋतू कुठला ते नसतं.

यापुढं एक करा. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि ठेवायच्या आधी सगळी अंडी एकदम तोला. ५० ग्रॅमची ३० अंडी म्हणजे दीड किलो. अठराव्या दिवसापर्यंत त्यातलं ११ ते १३ टक्के वजन घटायला हवं. तुमच्या दीड किलोत ते १६५ ते १९५ ग्रॅम होतं. दिवसाला साधारण १० ग्रॅम धरा. सातव्या दिवशी ७० ग्रॅम घटले असतील तर बरोबर चाललंय. ३० ग्रॅमच घटले असतील तर पाणी काढून घ्या. १०० ग्रॅम गेले असतील तर पाणी वाढवा. मधे काही अंडी बाद झाली तर हिशेबात तेवढी कमी धरा. मला हा काटा हवेतली ओल मोजणाऱ्या कुठल्याही हायग्रोमीटरपेक्षा जवळचा वाटतो, कारण तो हवेचं नाही, अंड्याचं सांगतो. हायग्रोमीटर वापरायचाच असेल तर आधी तपासून घ्या. बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ते चिखलासारखं ओलं करा, आणि हायग्रोमीटरबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात आठ तास ठेवा. हायग्रोमीटरनं ७५ दाखवायला हवं. ८२ दाखवलं तर तुमचं यंत्र सात जास्त सांगतंय, तेवढे वजा करत चला.

डिस्प्लेवरच्या आकड्यावरही विसंबू नका. २००९ साली ह्यांनी प्लायवूडची पेटी केली, आत ४० वॅटचे दोन बल्ब. थर्मामीटर मी झाकणाला आतून लावला, वाचायला सोपं म्हणून. रोज ३८ दाखवायचा. ४० अंडी होती. एकवीस दिवस झाले, बावीस झाले, काही हालचाल नाही. चोविसाव्या दिवशी तीन पिल्लं निघाली, मऊ पोटाची, पायावर उभी राहू न शकणारी. तिन्ही आठवड्यात गेली. नंतर थर्मामीटर अंड्यांमध्ये ठेवून बघितला, तर तिथं जेमतेम ३६. वर बल्बजवळ ऊब, खाली अंडी गार. पंखा नव्हता ना. सदतीस अंडी मी परसात पुरली, आणि त्यानंतर वर्षभर मशीनला हात लावला नाही.

पंखा असलेल्या मशीनला ३७.५ ते ३७.७ अंश. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्यापाशी ३८.५ ते ३९, कारण तेव्हा अंड्याच्या पोटापाशी थोडं कमी असतं. तपासायला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर उत्तम. औषधाची छोटी बाटली पाण्यानं भरून, बूच लावून अंड्यांमध्ये चार-पाच तास ठेवा. बाहेर काढल्या काढल्या त्या पाण्यात थर्मामीटर बुडवा. ९९.५ ते १०० फॅरनहाइट आलं की झालं. अंडी ठेवायच्या आधी दोन दिवस मशीन रिकामं चालवून ही परीक्षा घ्या. अंडी आणून ठेवली आणि मग मशीनचे आकडे जुळवत बसलो, असं होऊ देऊ नका.

निकाल कधी आला त्यावरूनही कळतं. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच घाईनं पिल्लं निघाली, बेंबी उघडी राहिली, तर तापमान जास्त होतं. बावीस-तेवीसवर गेली तर कमी. तुमची एकविसाव्याला निघाली, म्हणजे तापमान ठीक होतं. पुढच्या खेपेला फक्त पाणी आवरा.

काकू, मी आठवीत आहे. माझ्या अंड्याला एकविसाव्या दिवशी सकाळी छोटं भोक पडलं. आतून चिवचिव ऐकू येत होती. संध्याकाळपर्यंत भोक तेवढंच. मला वाटलं ते अडकलंय, म्हणून मी नखानं कवच काढलं. रक्त आलं. रात्री पिल्लू मेलं. माझ्यामुळं मेलं का? (संगमनेर)

बाळा, तू खरं विचारलंस, म्हणून खरं सांगते. हो, ते लवकर बाहेर आलं म्हणून गेलं. पण तू ते मायेनं केलंस, आणि आत काय चाललेलं असतं हे तुला कुणी सांगितलेलं नव्हतं. आता ऐक.

भोक पडायच्या आधीच पिल्लानं आतलं एक काम केलेलं असतं. चोचीनं आतला पापुद्रा फोडून ते हवेच्या पोकळीत तोंड घालतं आणि श्वास घ्यायला लागतं. ती चिवचिव तेव्हापासूनची. कवचाच्या आतून एक पातळ पापुद्रा असतो, त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं. इतके दिवस पिल्लाचा श्वास त्या जाळ्यातून चाललेला असतो. छातीतली फुप्फुसं चालू झाली तरी ते जाळं लगेच बंद होत नाही. त्यातलं रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात परत यावं लागतं. पिवळ्या बलकाचं उरलेलं गाठोडंही बेंबीतून पोटात ओढून घ्यायचं असतं. बाहेर आल्यावर दोन-तीन दिवस काही खायला मिळालं नाही तरी पिल्लू त्यावर तगतं. ही सगळी कामं व्हायला पहिल्या भोकानंतर १२ तास लागतात, कधी २४. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काहीच होत नाही. तू कवच काढलंस तेव्हा ते जाळं अजून चालू होतं, म्हणून रक्त आलं.

हे झालं की पिल्लू स्वतःच वळायला लागतं. चोचीच्या टोकावर त्याला एक पांढरा टणक दाणा असतो. तेवढ्यानंच ते टोचतं, थोडं वळतं, पुन्हा टोचतं, असं बोथट टोकाभोवती गोल कापत जातं. मग पाय ताणून टोपी उडवतं. पुढच्या वेळी तो दाणा बघ, भिंगाखाली छान दिसतो. थोड्या दिवसांत गळून पडतो.

खुडूक कोंबडी काय करते माहीत आहे? शेवटचे दोन-तीन दिवस ती जवळजवळ उठतच नाही. दाणे टाकले तरी येत नाही. पोटाखालून चिवचिव आली की ती घशातल्या घशात हळू कुकुकु करते, आतलं पिल्लू त्यावर बोलतं. पण चोचीनं कवच काढून द्यायला ती जात नाही. तिनं उठून टोपली उघडी टाकली तर ओल उडते आणि आतला पापुद्रा वाळून पिल्लाला घट्ट चिकटतो. मशीनचं झाकण उघडून बघणं म्हणजे कोंबडीनं उठून जाण्यासारखंच आहे. म्हणून अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करायचं, पाणी वाढवायचं, झाकण लावायचं आणि काचेतून बघायचं. निघालेलं पिल्लू आत चोवीस तास राहिलं तरी चालतं. पिसं वाळून फुलली की मगच बाहेर काढ.

मदत कधी करायची? भोक पडून पूर्ण २४ तास होऊन गेले, पुढं काही नाही, आणि भोकाभोवतीचा पापुद्रा पांढरा-ओला न राहता पिवळट, कागदासारखा कोरडा झालाय, तरच. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घे. कापूस कोमट पाण्यात भिजवून तो पापुद्रा ओलसर कर, पण भोकापासून लांब, पिल्लाच्या नाकात पाणी जाता कामा नये. मग भोकाच्या कडेचं गव्हाएवढं कवच काढ. लाल रेघ किंवा रक्ताचा मण्याएवढा थेंब दिसला की थांब, अंडं परत आत ठेव, सहा तास त्याला हात लावू नकोस.

आणि पुन्हा अंडी ठेव. सातव्या रात्री सगळे दिवे बंद करून पुठ्ठ्याच्या खोक्याला रुपयाएवढं भोक पाड, आत टॉर्च ठेव, आणि अंड्याचं बोथट टोक त्या भोकावर धर. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसतील, मधे काळा ठिपका. तो त्याचा डोळा. क्षणभर अंडं स्थिर धरलंस तर तो ठिपका हललेला दिसेल. ज्यात काहीच दिसत नाही, नुसता पिवळा उजेड, ते अंडं फलित नव्हतं. ज्यात लाल कडं दिसतं, ते सुरुवातीलाच मेलं. ही दोन्ही काढून टाक, नाहीतर सडतात आणि उबेनं फुटून बाकीच्यांना घाण लावतात. कसं झालं ते मला कळव.

ताई, मे महिन्यात आमच्याकडं ४५ अंश. कोंबडी दिवसाआड अंडं देते. दहा-बारा अंडी जमेपर्यंत ती ठेवायची कुठं? फ्रीजमध्ये ठेवलेली उबतात का? (वर्धा)

फ्रीज नको, घरचा फ्रीज फार गार पडतो. १३ ते १६ अंश लागतात, ते मे महिन्यात वर्ध्यात मिळणं शक्य नाही. पण अंड्यातल्या जिवाचं असं असतं, की २०-२१ अंशांच्या वर तो जागा व्हायला लागतो, आणि अर्धवट उबेत वाढत-थांबत राहिला तर दोन-तीन दिवसांत दमून मरतो. म्हणून जितकं गार ठेवता येईल तितकं ठेवायचं.

आपल्याकडं माठ आहे. मोठ्या तोंडाचं मातीचं मडकं घ्या, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ओल्या वाळूच्या घमेल्यात गळ्यापर्यंत रोवा. आत तळाला कोरडं भाताचं तूस किंवा गव्हाचा भुसा घालून त्यावर अंडी बोथट टोक वर करून ठेवा. तोंडावर ओलं फडकं. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, अंड्यांवर नाही. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे मडकं बाहेरच्यापेक्षा चांगलं दहा-बारा अंशांनी गार राहतं. तरी चार दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. थंडीत सात दिवस चालतील.

बारा अंडी एका कोंबडीची जमवायला तुम्हाला तीन आठवडे लागतील, त्यात पहिली अंडी फुकट जातील. शेजारणींकडून त्याच चार दिवसांतली मागून घ्या. अंडी धुऊ मात्र नका. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो, तो गेला की छिद्रांतून जंतू आत जातात. शेण लागलेलं अंडं भाजीत वापरा, उबवायला स्वच्छ तेवढीच निवडा.

खरं तर माझं ऐकाल तर मे सोडून द्या. पाऊस पडून हवा निवली की बसवा.

ताई, आमची कोंबडी खुडूक झालीये. सासूबाई म्हणतात, अंड्यांत लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेव, नाहीतर विजांच्या कडकडाटानं अंडी नासतात. हे खरं का? किती अंडी ठेवू? (संगमेश्वर)

माझ्या सासूबाईही खिळा ठेवायच्या. खिळ्यानं अंड्याचं काही बिघडत नाही, त्यांचं मन राहू द्या. पण गडगडाटानं अंडं नासत नाही. विजा होतात त्या रात्री तीन गोष्टी होतात. वारा-पाऊस आडवा येऊन टोपली भिजते, गार पडते, आणि कोंबडी घाबरून उठते. नासतात ती त्यानं. म्हणून खिळ्याबरोबर जागाही बघा. पागोळीपासून लांब, अंधारी, आडोशाची, मांजर आणि मुंगूस पोचणार नाही अशी.

गावरान कोंबडीखाली दहा ते बारा अंडी. तिचा पंख पसरल्यावर एकही अंडं बाहेर दिसता कामा नये, हेच माप. टोपलीत तळाला राख, वर भाताचा पेंढा, आणि मूठभर वाळलेला कडुलिंबाचा पाला. बसलेल्या कोंबडीला उवा फार लागतात, आणि उवांनी बेजार झाली की ती अंडी सोडते. रात्री बसवा. दिवसा उचलून नवीन जागी ठेवलेली कोंबडी परत जुन्या जागी पळते, अंधारात ठेवलेली सकाळपर्यंत रुळते.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं गोल रेघ मारा. दुसऱ्या कोंबड्या तिच्याच टोपलीत येऊन घालतात, मग कुठलं कधीचं ते कळत नाही. रेघ नसलेलं अंडं रोज काढून घ्या. दाणा-पाणी टोपलीपासून चार-पाच पावलांवर ठेवा. ती दिवसातून एकदा उठेल, १५-२० मिनिटं खाईल, राखेत लोळेल, भलीमोठी घाण विष्ठा टाकेल, आणि परत बसेल. त्या वेळात अंडी गार पडतात म्हणून काळजी करू नका.

दिवस मोजायची सोपी रीत सासूबाईंनीच मला सांगितली. मंगळवारी बसवली तर त्यानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी पिल्लं.

मशीन चालू असताना चार-चार तास वीज जाते. अंडी वाया जातात का? (शिरूर)

नाही. गारव्यानं अंडी उशिरा निघतात, अति उष्णतेनं मरतात. ४० अंशांत तास-दोन तास गेले तर धोका मोठा आहे. वीज गेली की झाकण उघडू नका, वर गोधडी टाका, हिवाळा असेल तर गोधडीच्या आत बाजूला गरम पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा. शेवटच्या आठवड्यात मात्र हवेची भोकं झाकू नका. तेव्हा पिल्लं मोठी झालेली असतात, त्यांची स्वतःची ऊब असते आणि त्यांना हवा जास्त लागते.

अंडी हातानं फिरवत असाल तर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम आकडा यासाठी, की रात्रीचा लांब वेळ रोज त्याच कुशीवर जात नाही. न फिरवलेल्या अंड्यात जीव पापुद्र्याला चिकटून बसतो.

वनराज कोंबड्यांची अंडी घरी उबवली तर पिल्लं तशीच होतील का? आणि लांबट टोकदार अंड्यातून कोंबडाच निघतो, हे खरं आहे का? (कराड)

वनराज हैदराबादची, गिरिराज बंगळुरूची. दोन्ही संकर करून तयार केलेल्या. त्यांच्या अंड्यांतून पिल्लं निघतील, पण आईसारखं वजन आणि अंडी सगळ्यांत उतरणार नाहीत. कुणी आजीवर जाईल, कुणी आजोबावर. तीच जात हवी असेल तर एक दिवसाची पिल्लं आणा. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं आहेत. घरी उबवायला गावरान उत्तम. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा काळा कडकनाथ चालतो, त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण त्याच्या माद्या खुडूक क्वचितच बसतात. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवा.

अंड्याच्या आकारावरून काही ठरत नाही. नर-मादी ठरतं ते कोंबडीच्या बीजावरून, कोंबड्याच्या नव्हे, आणि दर खेपेला निम्म्याच्या आसपास नर निघतात. ते धरूनच हिशेब करा.

ताई, मशीनमध्ये २२ पिल्लं निघालीत. पाणी काय, खायला काय, आणि ऊब किती द्यायची? घरात एक कोंबडीही खुडूक बसलेली आहे. (मावळ)

बावीस म्हणजे छान निघाली. पहिलं पाणी. लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सुपारीएवढा गूळ. उथळ बशीत ठेवा, बशीत स्वच्छ खडे टाका, म्हणजे पिल्लू पाण्यात पडून भिजणार नाही. प्रत्येकाची चोच एकदा हलकेच त्यात बुडवा. एक शिकलं की बाकीची बघून पितात. दोन तासांनी मक्याचा बारीक भरडा किंवा चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. पहिले दोन दिवस तुसावर गोणपाट अंथरा. वर्तमानपत्राच्या गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात.

पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढं दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. पिल्लामागं दोन वॅट धरलं तर तुम्हाला ४० ते ६० वॅटचा बल्ब पुरेल. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोची उघड्या ठेवून धापा टाकत असतील तर वर घ्या. विखरून बसली, मधूनच एखादं पाय पसरून झोपलं, म्हणजे ठीक.

लस विसरू नका. मानमोडीची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात एक थेंब. गंबोरो या पिल्लांच्या दुसऱ्या रोगाची चौदाव्या दिवसाच्या आसपास. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची येते आणि फोडल्यावर तिथल्या तिथं संपवावी लागते. तेव्हा वाडीतल्या चार घरांनी एकाच दिवशी ठरवा, पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फावर आणा.

आणि खुडूक बसलेली आहे म्हणता, तर ती अंड्यांवर बसून दोन आठवडे झालेत का ते आधी बघा. झाले असतील तर यातली दहा-बारा पिल्लं तिलाच द्या. दोन दिवसांच्या आतली हवीत, त्याहून मोठी पिल्लं तिला आई मानत नाहीत आणि तीही त्यांना टोचते. रात्री नऊनंतर, घरातले दिवे बंद करून जा. टॉर्च लावू नका. एक हात तिच्या छातीखाली घाला, एक अंडं काढून घ्या, दुसऱ्या हातातलं पिल्लू त्याच जागी सरकवा. मग दुसरं. घाई नको. तिसऱ्या-चौथ्या पिल्लाला ती अंग थोडं उचलते आणि घशात हळू कुकुकु सुरू करते. तो आवाज आला की उरलेली पिल्लं ठेवा आणि बाहेर या. पहाटे उजाडायच्या आत जाऊन टोपलीपाशी उभ्या राहा, ती टोचत नाही ना एवढं बघायला. बहुतेक वेळा तिच्या पंखातून दोन-तीन डोकी बाहेर आलेली दिसतील, आणि ती तुमच्यावरच पिसं फुलवेल.

उरलेल्या दहा-बारांसाठी बल्ब चालू ठेवा.